कॅनीची लढाई २७२ सैनिकांत: प्राचीन योद्ध्यांचा प्लास्टिक संग्रह कसा जमवावा

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी प्लास्टिकचा रणगाडा उभा केला तरी कोणी हरकत घेत नाही. संग्रहाचं तसं नाही. ‘प्राचीन योद्धे’ या दोन शब्दांत इजिप्तच्या रथांपासून अटिलाच्या हुणांपर्यंत सुमारे दोन हजार वर्षांचा पसारा येतो, आणि दिसेल तो सैनिकांचा खोका उचलणाऱ्याच्या कपाटात दोन वर्षांनी एकमेकांना कधीच न भेटलेल्या सैन्यांची गर्दी होते. म्हणून आधी एक युद्ध ठरवा, मग माप, आणि खोके सगळ्यात शेवटी.

इथे उदाहरणाला दुसरं प्यूनिक युद्ध घेतलं आहे: रोम विरुद्ध कार्थेज (उत्तर आफ्रिकेतलं नगरराज्य), इ.स.पूर्व २१८ ते २०१. ते घेण्याची कारणं दोन. १/७२ मापात या युद्धाची दोन्ही बाजूंची पथकं तयार मिळतात, आणि पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन सैन्याची रचना, शस्त्रं, ढालीचं मापसुद्धा लिहून ठेवलं आहे. त्यामुळे हातातली फिगर, म्हणजे प्लास्टिकचा सैनिक, बरोबर की चूक हे ताडून पाहता येतं.

माप

१/७२ म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस साधारण २४ मिलिमीटरचा. एअरफिक्स कंपनीचे साठच्या दशकातले जुने संच १/७६च्या जवळ जाणारे, म्हणजे एक-दीड मिलिमीटर बुटके. १/३२ हे ५४ मिलिमीटरचं माप, हातात धरून बघायला सुंदर. पण शंभर सैनिक उभे करायचे तर आख्खं टेबल जातं. २८ मिलिमीटर नावाचं जे माप आहे ते गुणोत्तर नाही, फिगरची उंची आहे. व्हिक्ट्रिक्स, वॉरलॉर्ड या कंपन्यांचे कडक प्लास्टिकचे, सुटे भाग जोडायचे सैनिक त्यात येतात. ते अंगाने जाड असतात आणि १/७२च्या शेजारी राक्षस दिसतात.

युद्धाचा आकार दाखवायचा असेल तर १/७२च घ्या. खोका हलका, फिगरमागे खर्च कमी. परदेशातून कोणी येणार असेल तर पुठ्ठ्याचा खोका उघडून सपाट करायला सांगा. स्प्रू (सैनिक ज्यांना जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) पिशवीत घातले की चार संच कपड्यांच्या घडीत बसतात. पार्सलने मागवणार असाल तर सीमाशुल्क धरूनच हिशोब करा. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं आहे, तेव्हा मोठी ऑर्डर देण्याआधी चालू नियम पाहून घ्या.

किती सैनिक लागतात

कॅनीची लढाई याच युद्धातली, इ.स.पूर्व २१६ची. पॉलिबियसच्या आकड्यांनुसार रोमन बाजूला सुमारे ८०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याकडे ४०,००० पायदळ आणि १०,००० घोडेस्वार. एक फिगर म्हणजे ५० माणसं धरली तर नुसतं रोमन पायदळच १,६०० होतं. तो नाद सोडा. एक फिगर म्हणजे ५०० माणसं धरा:

रोम: १६० पायदळ, १२ घोडेस्वार.
कार्थेज: ८० पायदळ, २० घोडेस्वार.

एकूण २७२. त्या दिवशी सुमारे १०,००० रोमन छावणीवर ठेवले होते. ते वगळायचे तर २० फिगर कमी घ्या, किंवा तेवढेच मागे छावणीत उभे करा.

रोमन १६०ची फोड सरसकट समान करायची नाही. लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) ४,२०० माणसांची असताना व्हेलिटीज (हलके भालाफेके), हास्ताती (पहिली फळी) आणि प्रिन्सिपेस (दुसरी फळी) प्रत्येकी १,२००, आणि त्रिआरी (शेवटची फळी, जुने अनुभवी) ६००. लीजनची संख्या वाढवली तरी त्रिआरी ६००च ठेवत, वाढ बाकी तिघांत वाटत. कॅनीला लीजन ५,०००च्या होत्या. म्हणून त्रिआरी १९, बाकी तिन्ही प्रत्येकी ४७. तुमच्या मांडणीत त्रिआरी जास्त झाले की जाणकार तिथेच बोट ठेवणार.

कार्थेजची ढोबळ वाटणी अशी: ४० गॉल (केल्टिक टोळीवाले), २० आफ्रिकन, उरलेले २० इबेरियन (स्पेनकडचे), हलके भालाईत आणि बलेआरिक बेटांवरचे गोफणवाले. घोडदळात १२ गॉल व इबेरियन, ८ न्यूमिडियन (उत्तर आफ्रिकेतले).

पायदळाच्या खोक्यात साधारण चाळीसच्या आसपास फिगर असतात, घोडदळाच्या खोक्यात १२ ते १८. हॅट आणि झ्वेझ्दा या दोन कंपन्यांनी या युद्धावर चांगलं काम केलं आहे: प्रजासत्ताक काळातलं रोमन पायदळ, कार्थेजचं पायदळ, न्यूमिडियन घोडदळ. नऊ-दहा खोक्यांत हे सगळं बसतं. मात्र खोक्यावरचा आकडा आणि कामाला येणारा आकडा एक नसतो. निशाणवाला, शिंगवाला, पडलेला जखमी अशा पोझ प्रत्येक संचात येतात, आणि तीन खोके घेतले की तुमच्याकडे नको तितके शिंगवाले जमतात. विकत घेण्याआधी पोझचं चित्र बघा आणि रांगेत उभे करण्याजोगे किती ते मोजा. प्लास्टिक सोल्जर रिव्ह्यू या संकेतस्थळावर बहुतेक संचांच्या प्रत्येक पोझचे फोटो आणि चुकांची चिकित्सा मिळते.

एका गोष्टीने खर्च वाचतो. ट्रासिमीन सरोवराच्या लढाईनंतर (इ.स.पूर्व २१७) हॅनिबलने आपल्या आफ्रिकन पायदळाला लुटीतली रोमन शस्त्रं दिली होती. म्हणजे उरलेले हास्ताती-प्रिन्सिपेस ढालींचा रंग बदलून खुशाल आफ्रिकन म्हणून उभे करा. हा जुगाड नाही, इतिहासाला धरून आहे.

हत्तींचं मात्र जपून. हॅनिबल म्हटलं की पहिला हात हत्तीच्या खोक्याकडे जातो, आणि कॅनीला हत्ती नव्हता! ऱ्होन नदी ओलांडली तेव्हा ३७ होते, ट्रेबियाच्या लढाईत (२१८) ते लढले, आणि त्या हिवाळ्यात थंडीने एक सोडून सगळे गेले. त्या उरलेल्या हत्तीवर बसून हॅनिबलने आर्नो नदीकाठची दलदल पार केली. हत्ती हवेच असतील तर ट्रेबिया मांडा, नाहीतर झामा (२०२), जिथे ऐंशीहून जास्त होते.

एक फिगर हातात घेऊन

खोक्यावर ‘रोमन’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही. आडव्या लोखंडी पट्ट्यांचं चिलखत आणि चौकोनी वळवलेली ढाल दिसली की तो सैनिक साम्राज्यकाळातला, हॅनिबलच्या दोनशे वर्षं नंतरचा. एअरफिक्सचे रोमन असेच, आणि बाजारात सगळ्यात सहज मिळणारे रोमनही असेच. आपल्याला हवा तो असा:

ढाल लांबट अंडाकृती, मधोमध उभा कणा. उंची सुमारे १२० सेंटिमीटर, म्हणजे १/७२मध्ये १६-१७ मिलिमीटर. उभ्या सैनिकाच्या खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत ती यायला हवी; १२ मिलिमीटरची असेल तर शिल्पकाराने हात आखडता घेतला.

छातीवर कडीचं चिलखत किंवा वीतभर रुंदीचा चौकोनी पितळी पत्रा. पत्रा साध्या शिपायाचा, कडीचं चिलखत ऐपतवाल्याचं. दोन्ही मिसळलेले असतील तर उत्तम.

शिरस्त्राणावर तीन उभी पिसं, जांभळी किंवा काळी, हातभर उंच: मापात सहा मिलिमीटर. मऊ प्लास्टिकमध्ये हीच आधी मोडतात.

हास्ताती आणि प्रिन्सिपेसच्या हातात फेकायचा भाला (पायलम), त्रिआरीच्या हातात भोसकायचा लांब भाला. सगळ्यांच्या हातात एकच शस्त्र देणारा संच टाळा.

न्यूमिडियन घोडेस्वार लगाम आणि खोगीर न वापरता लढत. घोड्याच्या तोंडात लगाम कोरलेला दिसला तर पात्याने खरवडून काढता येतो, खोगीर मात्र लपत नाही.

एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या घोड्यांत चांगला फरक दिसतो. एका पथकात त्यांची सरमिसळ करू नका. वेगळी पथकं टेबलाच्या दोन टोकांना ठेवली की डोळ्याला टोचत नाही.

जुने आणि सुटे घेताना

मऊ सैनिक पॉलिएथिलिनचे असतात, आणि ते म्हातारे होतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या काही संचांचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालेलं असतं की भाला बोटाने दाबला तर बिस्किटासारखा तुटतो. विक्रेत्याला बेसचा (पायाखालच्या पट्टीचा) कोपरा हलकेच वाकवून दाखवायला सांगा. वाकून परत आला तर ठीक. पांढरी रेघ उमटली किंवा टक्क आवाज आला तर तो फक्त काचेमागे ठेवायचा सैनिक. यावर इलाज नाही. गरम पाण्यात भिजवून फरक पडत नाही.

नकला ओळखायला व्हर्नियर कॅलिपर ठेवा. तयार फिगरवरून साचा काढला की प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा बुटकी निघते आणि चेहरा, बोटं, कड्या गुळगुळीत होतात. बेसच्या खालची अक्षरं पुसट किंवा गायब असतात. पुनर्मुद्रण ही वेगळी गोष्ट: मूळ साच्यातूनच कंपनीने पुन्हा काढलेला माल. तो अस्सलच, फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नका.

रंगवण्याआधी

रंग टिकत नाही ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर तसाच राहिलेला असतो.

१. फिगर स्प्रूवर असतानाच कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून पंधरा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्यात खळखळून रात्रभर वाळवा.

२. साच्याची रेघ आणि कडेची पातळ पापडी नव्या पात्याने कापा. कानस चालवू नका. मऊ प्लास्टिक कापलं जात नाही, त्याला लव फुटते.

३. वाकडे भाले चिमट्याने धरून उकळीच्या पाण्यात १५-२० सेकंद बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. थंड होईपर्यंत सोडू नका. दोन दिवसांनी परत वाकला तर पुन्हा करा. दुसऱ्यांदा बहुधा राहतो. मोडलेल्या भाल्याच्या जागी प्लास्टिकच्या झाडूची जाड काडी चालते.

४. एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी असं मिश्रण पातळ हाताने लावा. सुकलं की पारदर्शक आणि लवचीक कातडी तयार होते, तिच्यावर अॅक्रिलिक धरतो. इनॅमल कडक होतो आणि भाला हलला की पापुद्रे निघतात.

५. स्प्रे प्रायमर वापरायचाच तर आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून एक दिवस थांबा. काही मऊ प्लास्टिकवर तो सुकतच नाही, चिकट राहतो. जुलै-ऑगस्टात कोकणात किंवा मुंबईत स्प्रे नकोच; दमट हवेत पृष्ठभाग पिठासारखा पांढरट होतो.

६. रंग झाले की फेविकॉलचा आणखी एक हात, मग मॅट वार्निश.

इबेरियन सैनिकांचे आखूड तागाचे अंगरखे जांभळ्या काठाचे होते. हा काठ या मापात अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. ब्रशने ओढायला गेलं की नागमोडी होतो, म्हणून आधी काठ जाड रंगवा आणि मग वरून अंगरख्याचा पांढरा आणून तो बारीक करा.

सुपरग्लू पॉलिएथिलिनला धरत नाही; ढाल लागल्यासारखी वाटते आणि आठवड्याने गळते. अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून शिवणाच्या सुईचा तुकडा आरपार घाला, गोंद फक्त आधाराला.

ठेवायचं कुठे

उन्हात नाही आणि पत्र्याखालच्या माळ्यावरही नाही. ऊन आणि उष्णता दोन्ही प्लास्टिक ठिसूळ करतात. पावसाळ्यात सैनिकांना काही होत नाही, खोक्यांना बुरशी आणि कसर लागते. म्हणून खोके सपाट करून वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. डांबरगोळ्या अजिबात घालू नका: नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरिन मऊ करते, आणि २८ मिलिमीटरचे कडक सैनिक त्याच प्लास्टिकचे असतात. रबरबँड वितळून चिकटतो. मऊ पीव्हीसीची खेळणी कडक प्लास्टिकला टेकवून ठेवली की त्यातलं तेल झिरपतं आणि टेकलेला भाग विरघळल्यासारखा होतो.

बेसखाली मार्करने नंबर लिहू नका, शाई पॉलिएथिलिनमध्ये उतरते आणि पसरते. प्रत्येक कप्प्यात चिठ्ठी टाका: कंपनी, संच क्रमांक, कधी आणि कितीला घेतला, किती पोझ, कोणती कमी आहे. पुढच्या वेळी खरेदीला जाताना त्या चिठ्ठ्यांचा फोटो फोनमध्ये असू द्या, म्हणजे चौथा शिंगवाला घरी येणार नाही.