पीटेड सिंगल माल्ट चाखताना: धूर ओसरू द्यावा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या आयला बेटावरची एखादी कडक पीटेड, म्हणजे पीटच्या धुराचा वास असलेली, सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) पहिल्यांदा ग्लासात ओतली की नाकाला धुरापलीकडे काहीच लागत नाही, आणि बहुतेक जण तिथेच निकाल देऊन मोकळे होतात: कुणाला ते औषध वाटते, कुणी नुसत्या धुरावरच खूश होतो. दोन्ही निकाल घाईचे आहेत. नाक धुराला सरावेपर्यंत थांबायचे आणि मग मागे काय उरते ते शोधायचे, एवढेच या व्हिस्कीचे खरे तंत्र आहे.

दलदलीत हजारो वर्षे साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा, गवताचा आणि झुडपांचा थर म्हणजे पीट. मोड आणलेली बार्ली, म्हणजेच माल्ट, वाळवताना भट्टीत पीट जाळले की त्याच्या धुरातील फिनॉल वर्गातील संयुगे दाण्यांना चिकटतात. त्यांपैकी ग्वायकॉल जळक्या लाकडाचा वास देते, तर क्रेसॉल डांबराची आणि जंतुनाशकाची आठवण करून देते. फिनॉलचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग असे सांगतात. आयलावरच्याच आर्डबेग डिस्टिलरीच्या बार्लीत ते सुमारे 55, लागावूलिनच्या बार्लीत सुमारे 35 असते, आणि ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर या व्हिस्कीच्या काही आवृत्त्यांत 150 च्याही पुढे जाते. मात्र हा आकडा वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. पुढच्या प्रक्रियेत फिनॉलचा बराच भाग गळतो, ऊर्ध्वपातनात जड फिनॉल उशिरा उतरत असल्याने डिस्टिलरी धार कुठे तोडते, म्हणजे उतरणारा द्रव कोणत्या टप्प्यावर घेणे थांबवते, यावरही बरेच ठरते, आणि पिंपात वर्षे लोटतात तसा धूर मवाळ होत जातो. त्यामुळे आकडा पाहून बाटली निवडण्यात फारसा अर्थ नाही.

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा. तो आधी रिकामाच हुंगून पाहावा, कारण साबणाचा किंवा कपाटाचा वास त्यात हमखास उरलेला असतो. 20 ते 25 मिलिलिटर पुरते. बर्फ टाकू नये. थंडीने सुगंध दबतो. एका बैठकीत अनेक व्हिस्की चाखायच्या असतील तर पीटेड व्हिस्की शेवटी घ्यावी, नाहीतर तिच्यानंतरच्या हलक्या व्हिस्कीवर अन्यायच होतो. ओतल्यावर दहा मिनिटे ग्लासाला हात लावू नये.

हुंगण्याला सर्वाधिक वेळ द्यावा. ग्लास प्रथम हनुवटीच्या पातळीवर धरून, ओठ किंचित विलग ठेवून लहान लहान श्वास घ्यावेत. वाइनसारखा ग्लास जोरात घोळवला तर अल्कोहोलच नाकात चढते. या पहिल्या फेरीत 'धूर' एवढेच म्हणून थांबू नये, धूर कोणत्या जातीचा ते ठरवावे: कोरड्या राखेचा, ओल्या शेकोटीचा, डांबराचा, की आयोडीनचा? मग ग्लास बाजूला ठेवून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा हुंगावे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे कमी करते, आणि एरवी त्रासाची वाटणारी ही सवय इथे आपल्या कामी येते. आर्डबेगच्या दहा वर्षांच्या व्हिस्कीत लिंबू आणि मिरी पुढे येऊ लागतात. आयलावरच्याच लाफ्रॉइग डिस्टिलरीच्या दहा वर्षांच्या व्हिस्कीत आयोडीन आणि समुद्री शेवाळामागे व्हॅनिलाचा गोडवा सापडतो, जो बोर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या जुन्या पिंपांतून आलेला असतो. लागावूलिनच्या सोळा वर्षांच्या व्हिस्कीत कडक काळा चहा आणि सुकामेवा जाणवतो.

पहिला घोट चवीसाठी नसतोच. तो तोंडाला अल्कोहोलची ओळख करून देतो, म्हणून त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट अर्ध्या चमच्याएवढा घेऊन जिभेवर आठ-दहा सेकंद फिरवावा. नाकाने राखेची तयारी केलेली असताना जिभेला आधी माल्टचा गोडवा लागतो, हा विरोधाभास मला या व्हिस्कीतला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडावा. धूर तेव्हा मागच्या वाटेने परततो.

पाणी घालण्यात कमीपणा नाही. 2017 साली स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी संगणकीय प्रारूपावरून असे दाखवले की अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतात आणि अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर गेले की ते आत ढकलले जातात. म्हणूनच पाणी न मिसळता पिंपातून थेट भरलेल्या, कडक कास्क स्ट्रेंथ व्हिस्कीत पाणी घातल्याने धूर कमी होण्याऐवजी कधीकधी अधिक स्पष्ट होतो. पाणी चमच्याने, थेंबाथेंबाने घालावे आणि दर वेळी हुंगावे. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीला बहुधा एक-दोन थेंबांपलीकडे गरज नसते. पाण्याने व्हिस्की किंचित गढूळ झाली तर तो दोष नव्हे. गाळताना काढून न टाकलेली तेलकट संयुगे दिसू लागलेली असतात.

घोटानंतर चव किती वेळ टिकते यापेक्षा ती कशी बदलते हे टिपून ठेवावे, कारण निव्वळ राख मागे ठेवणारी व्हिस्की आणि राखेतून पुन्हा गोडव्याकडे वळणारी व्हिस्की यांत खूप अंतर असते. ग्लास लगेच विसळू नये. अल्कोहोल उडून गेल्यावर जड फिनॉल काचेवर मागे राहतात आणि धुराची जात तेव्हा अधिक नेमकी कळते. बाटली उभी ठेवावी आणि निम्म्याखाली गेली की काही महिन्यांत संपवावी, कारण आत हवा वाढते तशी धुराची धार बोथट होत जाते.