व्हर्च्युअलएन्व्हरॅपरला स्वतःचे हुक आणि प्लगिन कसे जोडायचे

पायथनच्या प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट (म्हणजे स्वतःच्या पॅकेजेससह पायथनची स्वतंत्र जागा) देण्यासाठी अनेक जण डग हेलमन यांचं व्हर्च्युअलएन्व्हरॅपर वापरतात. 'वर्कऑन' आणि प्रकल्पाचं नाव टाइप केलं की एन्व्हायर्नमेंट सुरू, 'डिॲक्टिव्हेट' म्हटलं की बंद. पण त्याच्या आगेमागे आपण रोज हाताने ज्या गोष्टी करतो, म्हणजे जँगोच्या सेटिंग्जचं व्हेरिएबल लावणं, नेहमीची दोनचार पॅकेजेस टाकणं, डेटाबेसचा पत्ता बदलणं, त्या सगळ्या हे साधन स्वतः करू शकतं. त्यासाठी दोन वाटा आहेत: साध्या शेल स्क्रिप्टचे हुक (ठरलेल्या क्षणी आपोआप चालणाऱ्या फाइली) आणि पायथनमध्ये लिहिलेले प्लगिन. बहुतेकांचं काम पहिल्या वाटेवरच भागतं.

(खालची हुकची आणि कमांडची नावं टर्मिनलवर रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, सलग लिहायची. 'पोस्टॲक्टिव्हेट' हा एकच शब्द आहे.)

फाइली आधीपासून तयारच असतात. शेल सुरू होताना व्हर्च्युअलएन्व्हरॅपरची स्क्रिप्ट पहिल्यांदा सोर्स होते, तेव्हाच रिकाम्या हुक फाइली बनतात. त्या हुक डिरेक्टरी सांगणाऱ्या व्हेरिएबलच्या जागी जातात, आणि ते व्हेरिएबल लावलेलं नसेल तर एन्व्हायर्नमेंट जिथे राहतात त्या 'वर्कऑन होम' डिरेक्टरीत. हे झाले सार्वत्रिक हुक, म्हणजे सगळ्या एन्व्हायर्नमेंटना लागू होणारे. शिवाय प्रत्येक नव्या एन्व्हायर्नमेंटच्या 'बिन' डिरेक्टरीत पाच स्थानिक हुक बनतात: प्रीॲक्टिव्हेट, पोस्टॲक्टिव्हेट, प्रीडिॲक्टिव्हेट, पोस्टडिॲक्टिव्हेट आणि गेट-एन्व्ह-डिटेल्स (याच्या नावात मात्र अंडरस्कोअर आहेत). म्हणजे नवी फाइल बनवू नका, असलेली उघडून तिच्यात भर घाला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काही हुक तुमच्या चालू शेलमध्ये सोर्स होतात, म्हणजे त्यांच्या ओळी तुम्हीच टाइप केल्यासारख्या तिथेच चालतात, तर काही वेगळी प्रोसेस म्हणून चालतात. हुक 'चालत नाही' अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. वेगळ्या प्रोसेसमध्ये लावलेलं व्हेरिएबल ती प्रोसेस संपली की तिच्याबरोबर जातं. शेलने सुरू केलेल्या प्रोसेसने बदललेली व्हेरिएबल्स त्या शेलपर्यंत परत पोचत नाहीत. त्यामुळे प्रीॲक्टिव्हेटमध्ये कितीही 'एक्स्पोर्ट' लिहिलेत तरी काही दिसणार नाही, कारण तो बाहेर चालतो. तीच ओळ पोस्टॲक्टिव्हेटमध्ये टाकली की लगेच लागू होते.

पोस्टॲक्टिव्हेट, प्रीडिॲक्टिव्हेट, पोस्टडिॲक्टिव्हेट आणि पोस्टएमकेव्हर्च्युअलएन्व्ह (नवं एन्व्हायर्नमेंट बनून सुरू झाल्यावरचा) हे सोर्स होणारे. प्रीॲक्टिव्हेट, प्रीएमकेव्हर्च्युअलएन्व्ह (नवं एन्व्हायर्नमेंट सुरू होण्याआधीचा), आणि एन्व्हायर्नमेंट काढून टाकण्याच्या आधीचा व नंतरचा हुक हे बाहेर चालणारे. बाहेर चालणाऱ्या फाइलीला 'सीएचमॉड'ने एक्झिक्यूट परवानगी हवी आणि पहिल्या ओळीत इंटरप्रिटरचा पत्ता हवा. तयार फाइलींना दोन्ही असतं. पण ती फाइल दुसऱ्या मशीनवरून कॉपी केली आणि परवानगी गळाली, तर एन्व्हायर्नमेंट तयार होतं, हुक मात्र चालत नाही.

सोर्स होणाऱ्या फाइलीत ती पहिली ओळ निव्वळ शेरा ठरते. फाइल तुमच्या शेलमध्ये चालते, मग तो बॅश असो वा झेडशेल. म्हणून दोन्हीत चालेल असंच लिहा. आणि त्यात 'एक्झिट' कधीही लिहू नका! त्याने स्क्रिप्टच नाही तर अख्खं टर्मिनल बंद होतं. मध्येच थांबायचं असेल तर 'रिटर्न' वापरा. चूक झाल्यावर थांबवणारा 'सेट'चा 'ई' पर्यायही इथे नको: तो हुक संपल्यावरही शेलमध्ये लागू राहतो आणि पुढची कुठलीही फसलेली कमांड शेल बंद करून टाकते.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. एका प्रकल्पासाठी जँगोच्या सेटिंग्ज मॉड्यूलचं व्हेरिएबल लावायचं आहे. त्या एन्व्हायर्नमेंटच्या बिनमधल्या पोस्टॲक्टिव्हेटमध्ये आधी जुनी किंमत दुसऱ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग नवी एक्स्पोर्ट करा. प्रीडिॲक्टिव्हेटमध्ये उलटं: ठेवलेली जुनी किंमत परत लावा आणि तात्पुरतं व्हेरिएबल 'अनसेट' करा. फक्त एका ठिकाणी पाय घसरतो. व्हेरिएबल मुळात नव्हतंच, तर परत लावताना ते रिकाम्या किमतीनिशी उरतं, आणि काही प्रोग्रॅमना 'रिकामं' आणि 'नसलेलं' यांत फरक पडतो. म्हणून महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर अधिकचं चिन्ह लावून ते अस्तित्वात होतं का हे आधी तपासा. नसेल तर परत लावू नका, सरळ अनसेट करा. हे काढून टाकण्याचं काम पोस्टॲक्टिव्हेट लिहितानाच लिहून टाका. नंतर करू म्हटलं की ते राहतं, आणि दुसऱ्या प्रकल्पात शिरल्यावर पहिल्याचा डेटाबेस हाताला लागतो. एका एन्व्हायर्नमेंटमधून थेट दुसऱ्यासाठी वर्कऑन म्हटलं तरी आधी जुनं डिॲक्टिव्हेट होतं, त्यामुळे उलटी बाजू लिहिलेली असेल तर ती नक्की चालते.

क्रमही तसाच आहे. आत जाताना आधी सार्वत्रिक पोस्टॲक्टिव्हेट, मग स्थानिक. बाहेर पडताना आधी स्थानिक, मग सार्वत्रिक. पोस्टडिॲक्टिव्हेट चालतो तेव्हा चालू एन्व्हायर्नमेंट दाखवणारं व्हेरिएबल पुसलेलं असतं. नुकत्याच सोडलेल्या एन्व्हायर्नमेंटचा पत्ता 'लास्ट व्हर्च्युअल एन्व्ह' या शब्दांनी संपणाऱ्या व्हेरिएबलमध्ये मिळतो.

प्रत्येक नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आपली ठरलेली पॅकेजेस हवी असतील तर जागा एकच, सार्वत्रिक पोस्टएमकेव्हर्च्युअलएन्व्ह. तो चालतो तोवर नवं एन्व्हायर्नमेंट सुरू झालेलं असतं, म्हणून 'पिप' त्यातच पॅकेजेस टाकतो. हेच प्रीएमकेव्हर्च्युअलएन्व्हमध्ये लिहिलंत तर पॅकेजेस जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये किंवा सिस्टिमच्या पायथनमध्ये जातात, कारण नवं अजून सुरू नसतं. एन्व्हायर्नमेंट बनवतानाच रिक्वायरमेंट्सची (पॅकेजेसच्या यादीची) फाइल 'आर' पर्यायाने दिली असेल, तर तिच्यातली पॅकेजेस या हुकच्या आधीच बसलेली असतात.

याच हुकमधून स्थानिक पोस्टॲक्टिव्हेटमध्येही ओळी भरता येतात. मात्र नवं एन्व्हायर्नमेंट पहिल्यांदा सुरू होताना स्थानिक हुक रिकामाच चाललेला असतो. भरलेल्या ओळी लागू करायला वर्कऑन पुन्हा एकदा द्यावं लागतं.

स्थानिक हुक एन्व्हायर्नमेंटच्या आतच राहतात, म्हणून आरएमव्हर्च्युअलएन्व्ह या कमांडने एन्व्हायर्नमेंट काढून टाकलं की तेही जातात. म्हणून खरा मजकूर प्रकल्पाच्या डिरेक्टरीतल्या फाइलीत ठेवा आणि स्थानिक हुकमध्ये ती फाइल सोर्स करणारी एकच ओळ, पूर्ण पत्त्यासह लिहा. पासवर्ड आणि टोकन मात्र त्या फाइलीत नकोत. ते वेगळ्या फाइलीत ठेवा, तिला ६०० परवानगी द्या आणि ती गिटमधून वगळा.

गेट-एन्व्ह-डिटेल्स हा हुक एन्व्हायर्नमेंटची सविस्तर यादी छापताना प्रत्येक एन्व्हायर्नमेंटसाठी एकदा चालतो. वीस एन्व्हायर्नमेंट असतील तर वीस वेळा, म्हणून त्यात एखादी वर्णनाची ओळ छापा, त्याहून जड काही नको.

एवढ्याने भागलं नाही, किंवा तेच हुक टीममधल्या सगळ्यांच्या मशीनवर पोचवायचे असतील, तर प्लगिन लिहा. ते म्हणजे साधं पायथन पॅकेज. त्यात एक फंक्शन, जे आर्ग्युमेंटची एक यादी घेतं, आणि पॅकेजच्या माहितीत त्या फंक्शनकडे बोट दाखवणारा एंट्री पॉइंट, म्हणजे इतर प्रोग्रॅमना ते फंक्शन सापडावं म्हणून केलेली नोंद. ही नोंद एका गटात जाते. गटाचं नाव व्हर्च्युअलएन्व्हरॅपर, मग टिंब, मग हुकचं नाव. इथे हुकच्या नावात अंडरस्कोअर येतो: 'पोस्ट', अंडरस्कोअर, 'ॲक्टिव्हेट'. शेवटी अंडरस्कोअर आणि 'सोर्स' जोडलं की अर्थ बदलतो: तुमच्या फंक्शनने शेलच्या कमांडींची स्ट्रिंग परत द्यायची आणि ती चालू शेलमध्ये सोर्स होते. 'सोर्स' न जोडलेलं फंक्शन पायथनच्या प्रोसेसमध्ये चालतं, म्हणून फाइली बनवणं, कॉपी करणं अशा कामांना ते ठीक, पण व्हेरिएबल लावायला उपयोगाचं नाही. नियम तोच आहे, फक्त इथे तो नावातच दिसतो.

पायप्रोजेक्टच्या टॉमल फाइलीत (पॅकेजची माहिती असते ती फाइल) गटाच्या नावात टिंब असतं, म्हणून ते अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर टॉमल त्याचे दोन वेगळे तक्ते समजतं. परत देणाऱ्या स्ट्रिंगमध्ये पत्ता किंवा नाव घालताना 'शलेक्स' मॉड्यूलचं 'कोट' फंक्शन वापरा, म्हणजे मोकळी जागा असलेला पत्ता फुटणार नाही. दोन प्लगिन एकाच हुकवर असतील तर त्यांच्या क्रमावर विसंबू नका.

प्लगिन कुठल्या पायथनमध्ये बसवायचा? प्रकल्पाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नव्हे. व्हर्च्युअलएन्व्हरॅपर ज्या पायथनमध्ये आहे आणि ज्याचा पत्ता 'व्हर्च्युअलएन्व्हरॅपर पायथन' या व्हेरिएबलमध्ये आहे, त्यातच. टर्मिनल उघडताच इनिशियलायझेशन हुक चालवताना अडचण आली असा संदेश दिसला, तर पहिला संशय याच व्हेरिएबलवर घ्या: तो पायथन व्हर्च्युअलएन्व्हरॅपरचं हुक चालवणारं 'हुक लोडर' मॉड्यूल इंपोर्ट करू शकत नाहीये. सिस्टिमचा पायथन अपग्रेड झाल्यावर हे हमखास होतं. त्या नव्या पायथनमध्ये व्हर्च्युअलएन्व्हरॅपर आणि तुमचे प्लगिन दोन्ही पुन्हा बसवा.

बसवलेला प्लगिन सापडतो का हे पाहायला त्याच पायथनने 'एम' पर्यायासह हुक लोडर मॉड्यूल चालवा, आणि 'एल' पर्याय व हुकचं नाव द्या. यादीत तुमचं नाव नसेल तर चूक एंट्री पॉइंटच्या गटात किंवा पायथनच्या निवडीत आहे. नाव असूनही काही घडत नसेल, तर लॉग फाइलचं व्हेरिएबल लावून वर्कऑन पुन्हा द्या. आणि तुम्ही वर्कऑनऐवजी बिनमधली ॲक्टिव्हेट फाइल थेट सोर्स करत नाही ना, हेही पाहा. तशा वेळी व्हर्च्युअलएन्व्हरॅपर मध्ये येतच नाही, त्यामुळे आत जाताना एकही हुक चालत नाही. एडिटरमधली टर्मिनलं बऱ्याचदा नेमकं तेच करतात.