ठाण्यात बसून मुरबाडच्या भेंडीचं नत्र कसं बघायचं

आमची भेंडी मुरबाडला आणि आम्ही घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर, त्यामुळे शेतावर चक्कर फक्त रविवारी. मधले दिवस मी सॅटेलाइटचे फोटो बघतो, फुकट असतात. पण सॅटेलाइटला नायट्रोजन दिसत नाही हां, त्याला पानाचा हिरवेपणा कळतो आणि नत्र कमी पडलं की तो उतरतो, एवढंच.

कोपर्निकस ब्राउझर म्हणजे युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो दाखवणारी वेबसाइट, तिच्यावर अकाउंट काढा, सेंटिनेल-२ एल२ए (सेंटिनेल-२ सॅटेलाइटचे, हवेचा परिणाम काढून टाकलेले फोटो) घ्या, साधारण दर ५ दिवसांनी नवा फोटो येतो, त्यातली बिनढगाची तारीख निवडा. सगळे एनडीव्हीआयच, म्हणजे हिरवेपणाचा नेहमीचा आकडा, बघतात पण पीक दाटलं की तो आकडा वर जाऊन अडकतो, मग शेत सगळीकडे सारखंच हिरवंगार! त्यापेक्षा एनडीआरई बरा, तोही हिरवेपणाचाच आकडा पण दाट पिकात इतका लवकर अडकत नाही. कस्टममध्ये इंडेक्स उघडून ए च्या जागी बी८ए आणि बी च्या जागी बी०५ हे बँड (सॅटेलाइट टिपतो ते प्रकाशाचे पट्टे) टाका, झालं.

आता खरी गोची. हे बँड २० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल (फोटोतला एक ठिपका) ४०० चौरस मीटर, जवळजवळ ४ गुंठे. १० गुंठ्यांच्या तुकड्यात अडीच पिक्सेल बसणार, त्यात बांधावरचा आंबा पण आला. एवढंच शेत असेल तर नाद सोडा. आमचं सलग दीड एकर आहे म्हणून जमतं, तरी कडेचे पिक्सेल मी धरतच नाही.

नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तुलना पाहिजे. एका बाजूला ४० बाय ४० मीटरला नत्र अजिबात कमी पडू देऊ नका, बियाणं आणि पेरणीची तारीख तीच. मग बाकी शेताचा आकडा भागिले या तुकड्याचा. ०.९ च्या खाली गेला की मी शेतावर जातो. जातो म्हणतोय, लगेच युरिया टाकत नाही! मागच्या उन्हाळ्यात आकडा पडला म्हणून गोणी आणायला निघालेलो, काकू म्हणाली आधी पान तर बघ. बघितलं तर शिरा पिवळ्या, हळद्या आलेला, पांढरी माशी पसरवते तो. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं अख्खी पिवळी पडली असती.

भाताला मात्र हे विसरा, जुलै-ऑगस्टात मुरबाडवर नुसता ढगांचा कापूस. रडार ढगातून बघतं पण त्याला हिरवेपणा कळत नाही. तेव्हा सरळ एलसीसी, म्हणजे पानाच्या रंगाची पट्टी घेऊन खाचरात उतरा, आणि पट्टी उन्हात धरू नका, उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत धरा.