पडवीतला लेथ: विकत घेण्याआधी काय बघायचं

लेथ म्हणजे लाकूड गोल फिरवून हत्याराने कातायचं यंत्र. त्यावर पोळपाट केवढा करायचा आहे ते आधी ठरवा. आमच्या घरचा साडेनऊ इंचांचा, लाटणं चौदा इंचांचं. ही दोन मापं कागदावर लिहून दुकानात गेलात, तर निम्मं काम झालं.

लेथच्या माहितीपत्रकात पहिलं माप स्विंगचं असतं, म्हणजे बेडच्या (यंत्राच्या आडव्या लांब पायाच्या) वर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरेल. दुसरं दोन सेंटरमधल्या, म्हणजे लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांमधल्या, अंतराचं. मिडी म्हणून मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या यंत्रांत स्विंग साधारण १० ते १४ इंच आणि अंतर १६ ते २० इंच असतं. पण हत्यार टेकवायच्या टूलरेस्टचा पाया बेडवरूनच सरकतो, त्यामुळे त्याच्यावर जागा कमी उरते. साडेनऊच्या पोळपाटाला १० इंची लेथ अडचणीचा, १२ इंची निवांत. लाटणं १६ इंचांत बसतं. चक, म्हणजे लाकूड जबड्यांत पकडणारा भाग, लावला की मात्र तीनचार इंच तोच खातो. पलंगाचे खूर करायचे असतील, तर बेडला जोडतुकडा मिळतो का ते विचारून ठेवा.

आता वेग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझा पहिला लेथ इथेच चुकला. दुकानदार म्हणाला, “ताई, मोटर बघा, एक हॉर्सपॉवर आहे!” मी मोटर बघितली आणि सर्वांत कमी वेग किती ते विचारलंच नाही. तो होता मिनिटाला ७५० फेरे. परसातल्या फणसाचा ओबडधोबड तुकडा लावला, बटण दाबलं, आणि टेबलासकट सगळं थरथरत पुढे सरकलं. तुकडा सुटून भिंतीवर आदळला. मी बाजूला उभी होते म्हणून वाचले. त्या दिवसापासून बटण दाबताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत मी कधीच उभी राहत नाही.

हिशेब सोपा आहे. इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. दहा इंचांना ६०० ते ९००, दोन इंचांच्या लाटण्याला ३,००० च्या वर चालतं. आणि हे गोल झालेल्या लाकडासाठी. ओबडधोबड तुकडा याहून बराच हळू सुरू करायचा, म्हणून सर्वांत कमी वेग २५० किंवा त्याखाली हवा. दहा इंची लाकूड चुकून ३,००० वर फिरलं, तर त्याची कड ताशी १४० किलोमीटरच्या वर पळत असते.

वेग कमीजास्त करायला नुसतं बटण पुरत नाही. अनेक यंत्रांत बटणाने वेग उतरवला की मोटरचा जोरही उतरतो आणि गाऊज (पन्हळीसारखं कातायचं हत्यार) टेकवताच लाकूड थांबतं. म्हणून बटणाबरोबर पट्टा बदलायला दोनतीन पुल्या असलेलं यंत्र घ्या. पट्टा बदलायची खिडकी हाताला सोयीची आहे का, तेही बघा.

खोका उघडून दाखवत नसतील, तर घेऊ नका. उघडला की टेलस्टॉक (बेडवर सरकणारा टोकाचा भाग) सरकवत हेडस्टॉकजवळ (मोटरच्या बाजूच्या भागाजवळ) न्या, दोन्हीकडे टोकदार सेंटर बसवा आणि टोकाला टोक भिडवा. डोळा टोकांच्या उंचीला आणून बघा: वरून एकदा, बाजूने एकदा. माझ्या पहिल्या यंत्रात एक टोक दुसऱ्यापेक्षा पुरते दोन मिलिमीटर खाली होतं. अशा लेथवर भोक पाडायला घेतलं की ड्रिल भरकटतं. मग टेलस्टॉक आवळून परत बघा, कारण काही टेलस्टॉक आवळतानाच तिरके होतात. स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हाताने फिरवा. खरखर लागली किंवा वरखाली हलवल्यावर जराही सैल वाटला, तर बेअरिंग बरोबर नाही. बेड बिडाचा हवा, पत्र्याचा नको. चाळीस-पन्नास किलोचं वजन उचलताना जीव जातो, पण थरथर तेच शोषून घेतं.

चक घेण्याआधी स्पिंडलचे आटे लिहून घ्या. काही यंत्रांना एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे असतात, काहींना ३३ मिलिमीटर व्यास आणि साडेतीन मिलिमीटरचा आटा. एकाचा चक दुसऱ्यावर चढत नाही. आतली निमुळती बैठक मोर्स टेपर दोन या ठरलेल्या मापाची असेल तर सेंटर आणि ड्रिलचक सहज मिळतात.

सगळे पैसे लेथवर घालवू नका. चार जबड्यांचा चक, हायस्पीड स्टीलची चारपाच हत्यारं, धार लावायला ग्राइंडर, चेहरा झाकणारी ढाल आणि धुळीचा मास्क यांचा खर्च लेथच्या बरोबरीला जाऊ शकतो. पैसे कमी पडत असतील तर यंत्र दोन महिन्यांनी घ्या, ढाल सोडू नका. लेथवर पदर, ओढणी, सैल बाही, बांगड्या, हातमोजे काहीही नको. केस घट्ट बांधायचे.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, भोवरे लहानपणी हातात घेतले तेव्हापासून मला हे काम शिकायचं होतं. म्हणून एवढं बारकाईने सांगतेय.

घरी आणल्यावर बाकाची उंची अशी ठेवा की स्पिंडल तुमच्या कोपराच्या रेषेत येईल. बाकाच्या खालच्या फळीवर वाळूची दोन पोती टाका. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट वायरमनकडून तपासून घ्या. आणि कोकणात राहत असाल तर मे संपायच्या आत बेड कोरड्या फडक्याने पुसून त्यावर मेण चोळा. आमच्याकडे एका रात्रीच्या पावसात बिडावर तांबूस पापुद्रा धरतो.