स्वयंपाकघर हलवायचं का? आधी ढाळ मोजा

आमचं स्वयंपाकघर घराच्या पार मागच्या टोकाला. बाबांना आता उठताना आधार लागतो आणि त्यांची खुर्ची असते पुढच्या खोलीत. नळ चालू असला की त्यांची हाक आईपर्यंत पोहोचत नाही. एकदा उठताना त्यांचा तोल गेला आणि आईला ते कळलं पाच मिनिटांनी. त्याच रात्री आम्ही म्हटलं, आता स्वयंपाकघर पुढच्या खोलीत आणायचं. पण फोडाफोडी काढण्याआधी दोन महिने नुसती तपासणी केली, आणि ती केली नसती तर मोठी चूक झाली असती. तुमच्याकडेही हा विषय निघाला असेल, तर ही तपासणी कशी करायची ते सांगते.

सुरुवात वहीपासून करा. ओट्याजवळ एक वही टांगून ठेवा आणि आठ दिवस, जो कुणी तिथे काम करेल त्याने अडलेली गोष्ट त्याच क्षणी लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलं की सगळं ‘गैरसोय होते’ एवढ्यावर येतं. आमच्या वहीत सर्वांत जास्त वेळा काय आलं असेल? ‘चिरताना हाताची सावली पडते.’ त्याखालोखाल मोठी पातेली काढायला वाकावं लागतं ही तक्रार. या दोन्हींना जागा बदलण्याची गरजच नव्हती; ओट्यावर एक दिवा आणि खाली ओढायचे खण एवढ्यात त्या मिटणाऱ्या. फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब एवढ्याशा जागेत पूर्ण स्वयंपाकघर बसवलं, कारण कामाची प्रत्येक हालचाल त्यांनी विचारात घेतली होती. मांडणी नीट नसेल तर खोली बदलूनही तेच हाल होतात. वहीतल्या तक्रारींपैकी ‘जागेमुळेच’ अशी एकच उरली: आई आणि बाबा एकमेकांना दिसत नाहीत. खरा प्रश्न तेवढाच होता.

आता ढाळ, म्हणजे सांडपाण्याच्या नळीला द्यायचा उतार. हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक बेत इथेच अडतात. स्वच्छ पाणी दाबाने येतं, ते कुठेही नेता येतं. सांडपाणी मात्र स्वतःच्या वजनाने वाहतं. सिंकच्या नळीला साधारण ४० ला १ असा ढाळ द्यावा, म्हणजे दर मीटरला अडीच सेंटिमीटर. आमच्या मागच्या भिंतीवरच्या उभ्या पाइपपासून पुढच्या खोलीतली ठरवलेली जागा ७ मीटरवर होती. हिशेब केला, साडेसतरा सेंटिमीटर उतार. त्यात नळीची स्वतःची जाडी. ओट्याखालून भिंतीच्या कडेने नळी नेता आली तर निभतं, पण वाटेत दार आलं की तिला फरशीखाली जावंच लागतं. आमच्या वाटेत दोन दारं होती.

प्लंबरने हे आम्हाला पारदर्शक नळीत पाणी भरून दाखवलं. एक टोक त्याने उभ्या पाइपच्या तोंडाशी धरलं, दुसरं मी पुढच्या खोलीच्या भिंतीला लावलं. पाणी स्थिर झाल्यावर मी पेन्सिलने खूण केली आणि त्याने ढाळाचं माप तिच्या वर मोजून दुसरी रेघ मारली. ढाळ सांभाळायचा तर मधली सगळी फरशी उंच करावी लागणार होती, म्हणजे बाबांच्या रोजच्या वाटेवर नवी पायरी. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांच्याच पायात ती आली असती. दोन रेघांमधलं अंतर पाहून आई काहीच बोलली नाही, फक्त बाबांच्या चपलांकडे बघत राहिली.

‘ढाळ थोडा कमी देऊ, चालतंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझ्या ताईकडे असंच झालं. लांब आणि जवळजवळ आडव्या नळीत पाणी रेंगाळतं, तेलकटपणा गार होऊन आत थर धरतो. तिची नळी दर महिन्याला तुंबायची, शेवटी नव्या लाद्या फोडाव्या लागल्या. आणि वर-खाली वेगवेगळी कुटुंबं राहत असतील, तर तुमच्या फरशीखाली दुसऱ्या कुणाचं छत आहे हे विसरू नका. गळती झाली तर ती त्यांच्या झोपायच्या खोलीत. सोसायटीची परवानगी लागते का, तेही आधीच विचारा.

हवेचंही बघा. नव्या जागेला बाहेरची भिंत नसेल तर मी तिथे थांबेन. चिमणीचा पाइप जितका लांब आणि त्याला जितकी वळणं, तितकी तिची ओढ कमी. गॅसची गोष्ट तर जिवाशी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका खाली हवा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर चढतो. गॅसची जोडणी अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्या.

भिंत पाडायची असेल तर ती वाजवून अंदाज बांधू नका. जाड भिंत बहुधा भार घेते, पण पातळ भिंत भार घेत नाहीच असं नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनला सगळी उपकरणं सांगून स्वतंत्र लाइन घ्या. त्यावर अधिक लिहित नाही.

एवढ्यातून बेत तरला, तर शेवटची परीक्षा स्वतः जगून घ्या. आम्ही ढाळाचा निकाल लागण्याआधीच ही सुरू केली होती. पुढच्या खोलीत ओट्याच्या उंचीचं टेबल लावलं, विजेची शेगडी ठेवली, पाणी बादलीने आणलं. चार दिवसांत कळलं की दुपारनंतर ऊन थेट आईच्या डोळ्यांवर येतं, आणि मिक्सर लावला की बाबांची झोप मोडते. घराचा नकाशा कितीही वेळ बघितला असता तरी हे सुचलं नसतं.

शेवटी सिंक होतं तिथेच राहिलं. स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीतली भिंत इंजिनीअरने तपासली, ती नुसती आडोशाची निघाली. तिचा अर्धा भाग काढला, शेगडी आणि चिरायचा ओटा दीड मीटर पुढे, बाहेरच्या भिंतीलाच धरून घेतला, आणि बाबांची खुर्ची मधल्या खोलीत आली. आता आई चिरताना मान वर करते तेव्हा ते समोर दिसतात. परवा ते उठायला लागले, तर हाक मारायच्या आतच तिने सुरी बाजूला ठेवली होती.