न्यूक्लिऑनमधील बलांचे पुनर्सामान्यीकरण : या चुका टाळा

सिमिलॅरिटी रिनॉर्मलायझेशन ग्रुप, म्हणजेच एसआरजी, या पद्धतीत युनिटरी (ऊर्जापातळ्या न बदलणाऱ्या) रूपांतरणांच्या मालिकेने न्यूक्लिऑनच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या, कमी आणि जास्त संवेगाच्या अवस्थांमधला गुंता क्रमाक्रमाने सैल केला जातो. रूपांतरण युनिटरी असल्यामुळे मोजता येणारी कोणतीही राशी त्याने बदलता कामा नये. ती बदलली, तर आपण काहीतरी गाळले आहे असे समजावे.

सुरुवात ड्यूटेरॉनपासून, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या केंद्रकापासून, करावी. त्याची २.२२ एमईव्ही ही बंधनऊर्जा रूपांतरणानंतर ढळली, तर दोष भौतिकीचा नसून आकडेमोडीचा असतो : संवेगाच्या जाळीचे (गणितासाठी निवडलेल्या संवेगबिंदूंचे) भार मॅट्रिक्सच्या गुणाकारात घ्यायचे राहतात, किंवा एककांची गल्लत होते. लॅम्डा, म्हणजे हा गुंता कुठवर सैल झाला हे सांगणारी संवेगमर्यादा, प्रति फर्मीत मोजतात (२ प्रति फर्मी म्हणजे सुमारे ३९५ एमईव्ही), तर प्रवाहाचा, म्हणजे या क्रमाक्रमाने होणाऱ्या रूपांतरणाचा, चल एस हा लॅम्डाच्या चौथ्या घाताचा व्यस्त असतो, हे विसरले की प्रवाह भलत्याच ठिकाणी थांबतो.

मात्र ड्यूटेरॉन जुळला म्हणून निर्धास्तपणे ट्रायटनकडे (एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्या केंद्रकाकडे) वळणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. द्विकण बलापासून सुरुवात केली, तरी प्रवाहात त्रिकण आणि त्यापुढची बले निर्माण होतात. ती टाकून दिली की रूपांतरण तीन कणांच्या अवकाशात युनिटरी राहत नाही आणि ट्रायटनची ऊर्जा लॅम्डानुसार सरकू लागते. ही निर्माण झालेली त्रिकण बले धरल्यावर उत्तर स्थिर होते, पण ते ८.४८ एमईव्ही या प्रायोगिक मूल्याशी ताडून पाहणेही चूकच, कारण ते मूळ द्विकण बलाचे उत्तर असते आणि त्याची तुलना त्या बलाच्या अचूक गणिताशीच करायला हवी. प्रयोगाशी तुलना करायची, तर मुळातले त्रिकण बलही आरंभीच घ्यावे लागते. लॅम्डापासूनचे स्वातंत्र्य गणिताची सुसंगती दाखवते, मूळ बलाची सत्यता नव्हे.

त्रिज्या किंवा संवेग-वितरण काढताना हॅमिल्टोनियन (ऊर्जेचा ऑपरेटर) रूपांतरित आणि मोजायच्या राशीचा ऑपरेटर मात्र मूळचाच, अशी सरमिसळ करू नये. ड्यूटेरॉनमधील डी-अवस्थेचे (कक्षीय कोनीय संवेग २ असलेल्या भागाचे) प्रमाण आर्गॉन व्ही१८ या द्विकण बलाच्या प्रारूपात सुमारे ५.८ टक्के असते आणि लॅम्डा उतरवला की घटते. ते मोजता येणारे प्रमाणच नसल्यामुळे या घटीत चूक शोधण्यात अर्थ नाही.

एसआरजीचा लॅम्डा आणि कायरल प्रभावी सिद्धांतातला (कमी ऊर्जेवर न्यूक्लिऑन आणि पायॉन यांच्या भाषेत बल मांडणाऱ्या सिद्धांतातला) कटऑफ, म्हणजे संवेगाची वरची मर्यादा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बदलला तर काहीच बदलू नये, हे तत्त्व आहे. दुसरा बदलला तर फरक पडू नये, यासाठी संपर्कपदांचे (अगदी कमी अंतरावरचे बल दर्शवणाऱ्या पदांचे) सहगुणक पुन्हा जुळवावे लागतात, आणि पुरेशी पदे नसतील तर जुळवूनही भागत नाही. एका पायॉनच्या देवाणघेवाणीतले टेन्सर बल (स्पिनच्या दिशेवर अवलंबून असणारे) कमी अंतरावर त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ते जिथे आकर्षक असते अशा ट्रिप्लेट पी-शून्य चॅनेलमध्ये (एकूण स्पिन १, कक्षीय कोनीय संवेग १, एकूण कोनीय संवेग ०) कोणते पद कोणत्या पायरीवर घ्यायचे हे ठरवणाऱ्या वाइनबर्ग यांच्या मोजणीनुसार पहिल्या पायरीवर संपर्कपदच नसते, म्हणून कटऑफ वाढवत नेला की फेज शिफ्ट (विकिरणात तरंगाच्या कलेत पडणारा फरक) हेलकावे खाते, हे नोगा, टिमरमान्स आणि व्हान कोल्क यांनी २००५ मध्ये दाखवले. कटऑफ एकाच मूल्यावर गोठवून गणित केले, तर हा दोष दिसतच नाही.