जुन्या एमएक्स-फाइव्हचे ब्रेक घरी करताना: मागच्या कॅलिपरमधला स्क्रू आणि बाकीची कामं

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-फाइव्हचे पुढचे ब्रेक पॅड सरळ बदलता येतात. अडतं ते मागच्या चाकांवर. कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, पिस्टन आत जात नाही, म्हणून शिकंजा लावून जोर केला जातो आणि आतली हँडब्रेकची यंत्रणा दुखावते. किंवा पॅड कसेबसे बसतात, पण पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातं. मग दोन-दोनदा ब्रेकच्या तेलातली हवा काढली जाते, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेलावर दाब देणारा भाग) बदलायचं ठरतं आणि दोष मात्र एका ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन स्क्रूमध्ये असतो. तो स्क्रू नीट समजला की या गाडीचं ब्रेकचं सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये होतं.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत ती मिआटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात एमएक्स-फाइव्ह. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही, त्यामुळे हे वाचून हातात पाना घेणारे बहुतेक जण न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नच्या आसपासचे असणार. जागेचा फरक कामात पडतो. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना आणि पाइपांचे नट गंजून बसलेले असतात, आणि निम्मा वेळ ते सोडवण्यात जातो. अशा गाडीच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

आधी आपली गाडी कोणती ते पक्कं करा. १.६ लिटरच्या सुरुवातीच्या गाड्यांना पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरची डिस्क आहे. १९९४ पासूनच्या १.८ लिटरच्या गाड्यांना २५५ आणि २५१. एकीचे पॅड आणि डिस्क दुसरीला चालत नाहीत. या गाड्यांवर मागच्या मालकांनी बरेच बदल केलेले असतात, तेव्हा फक्त वर्ष सांगून सुटे भाग मागवू नका. चाक काढा, डिस्कचा व्यास टेपने मोजा आणि मग मागवा.

सामान असं: दोन्ही अ‍ॅक्सलचे पॅड, १ लिटर डॉट ४ ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, रबरावर चालणारं सिलिकोन ग्रीस, ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, तारेचा ब्रश, चाकाच्या नटांसाठी २१ मिलिमीटरचा सॉकेट, टॉर्क पाना, ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की, कॅलिपरवरच्या, तेल आणि हवा काढायच्या निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक बाटली आणि चार जॅक स्टँड. पेट्रोलियमचं साधं ग्रीस पिनांना लावू नका. त्याने रबर फुगतं आणि थोड्याच दिवसांत पिन अडकते.

गाडी उचलताना घाई नको. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅक पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली आणि मागे डिफरन्शियलच्या खाली लागतो. स्टँड दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, ठरलेल्या जागी, मधे खाच असलेला रबरी पॅड घालून लावा. नुसता स्टँड लावला तर ती कड वाकते, रंग उडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. या गाडीची खरी दुखरी जागा इंजिन नसून दाराखालचा हा पत्रा आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

पुढचं चाक काढलं की कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वरच्या पिनवर फिरवून वर करा. पॅडच्या मधे इंग्रजी एम अक्षरासारखी स्प्रिंग असते. ती कशी बसली आहे याचा फोटो काढून ठेवा. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या खाली आलं असेल तर बदला. कारखान्याची मर्यादा १ मिलिमीटर आहे, पण तिथपर्यंत थांबण्यात काही वाचत नाही. आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजला आहे का ते बघा. एक संपलेला आणि दुसरा जाड असेल तर पिन अडकली आहे. तशीच ठेवून नवे पॅड घातले तर तेही तसेच जातील. पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, गंज असेल तर घासा, खड्डे पडले असतील तर पिन बदला. नवं ग्रीस पातळच लावा. भरपूर भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते.

पुढचा पिस्टन जुना पॅड मधे धरून शिकंज्याने हळू आत ढकला. त्याआधी निपलला नळी लावून ते अर्धा फेरा उघडा, म्हणजे कॅलिपरमधलं काळं तेल वर ब्रेक ऑइलच्या टाकीकडे न जाता बाटलीत येईल. पिस्टन थांबला की नळी काढण्याआधी निपल बंद करा.

डिस्क बदलायची असेल तर कॅलिपरचा ब्रॅकेटही निघतो, त्याचे बोल्ट परत बसवताना ४९ ते ६९ न्यूटन-मीटर. किती जाडीपर्यंत डिस्क वापरायची ते तिच्यावरच कोरलेलं असतं, ते वाचा. कॅलिपर रबरी नळीला लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्याचा, तोंडाचा भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्राही तिथे राहिला तर डिस्क वाकडी फिरते. मर्यादा ०.१ मिलिमीटर आहे, आणि त्यापुढे पेडल थरथरायला लागतं. मग बिचाऱ्या डिस्कला दोष दिला जातो. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

आता मागे. या कॅलिपरमधला पिस्टन एकाच वेळी दोन कामं करतो: तेलाच्या दाबाने पॅड ढकलतो आणि हँडब्रेकची केबल ओढली की आतल्या स्क्रूने ढकलला जातो. पॅड झिजेल तसा तो स्क्रू आपोआप पुढे सरकत राहतो. म्हणून पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. इतर कितीतरी गाड्यांत पिस्टन समोरून गोल फिरवून आत घालतात, त्याचं हत्यार दुकानात मिळतं. इथे ते चालत नाही. कॅलिपरच्या पाठीमागे, गाडीच्या आतल्या बाजूला, १४ मिलिमीटर डोक्याचा एक बोल्ट आहे. तो नुसता बूच म्हणून आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा खाचा दिसतो. की घड्याळाच्या उलट फिरवा, पिस्टन आत जातो. थोडं फिरवा, पिस्टन किती सरकला बघा, परत फिरवा. खाच्यात घाण असेल तर आधी ब्रेक क्लीनर मारून साफ करा. की अर्धवट बसवून जोर केला तर खाचा गोल होतो, आणि मग कॅलिपरच बदलावा लागतो.

नवे पॅड, स्प्रिंगा घालून कॅलिपर खाली आणा, बोल्ट आवळा. मग अ‍ॅलन की घड्याळाच्या दिशेने फिरवा. पॅड डिस्कला टेकेपर्यंत, म्हणजे डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. आता एक तृतीयांश फेरा उलट घ्या. डिस्क अगदी हलकी घासत फिरली पाहिजे. बूच लावा. ही पायरी गाळली तर पॅड आणि डिस्कमधली मोठी फट भरून काढण्यातच पेडलचा बराचसा प्रवास जातो. लांब पेडलचं कारण दहातल्या नऊ वेळा इथेच असतं. तेव्हा पेडल खाली जातंय म्हणून हवा काढायला बसण्याआधी हा स्क्रू तपासा.

हँडब्रेकची केबल आवळून ही फट भरायचा मोह होतो. तो करू नका. हँडब्रेक खाली असताना कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या थांब्यावर पूर्ण टेकलेला हवा. केबल ताणलेली असली की तो वर उचललेला राहतो आणि आपोआप सरकणारी यंत्रणा काम करत नाही. म्हणून क्रम असा: आधी केबल ढिली, मग अ‍ॅलन स्क्रू, मग पेडल आठ-दहा वेळा दाबणं, आणि सगळ्यात शेवटी केबल. साधारण १० किलोच्या ओढीला हँडब्रेकचे ५ ते ७ खटके आले की झालं. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २००५ पर्यंतच्या गाड्यांनाही मागे हीच पद्धत लागू आहे.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनांक ताज्या तेलाला किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर १५५ धरतात. घाटात एकामागून एक वळणांवर ब्रेक लागले की जुनं तेल उकळतं, वाफ दबते आणि पेडल फरशीला लागतं. डॉट ५.१ चालतं. नुसतं डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते या गाडीत कधीही घालू नका. नाव सारखं असल्यामुळे ही चूक सहज होते.

हवा काढण्याचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं-उजवं उलट, म्हणजे मागच्या डाव्यापासून. टाकीतलं जुनं तेल आधी पिचकारीने काढून नवं भरा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. दोघांनी मोठ्याने "दाब", "सोड" म्हणत काम केलं की चूक होत नाही. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी जात नाही तिथे गंज असतो, पेडल फरशीपर्यंत दाबलं तर सील त्यावरून घासून फाटतं. टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. निपल हलकेच, ६ ते ९ न्यूटन-मीटरला आवळा; ती पोकळ असतात, जोराने मोडतात. रंगावर तेल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

याच बैठकीत क्लचचंही तेल बदलून टाका. क्लचची वेगळी छोटी टाकी आहे, तेल तेच. गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या, क्लच दाबणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण थोडं वर करून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. या गाडीत ते अगदी नेहमीचं आहे, आणि एकटा स्लेव्ह बदलला की नव्या दाबाने क्लचचा जुना मास्टर सिलिंडर लवकरच गळायला लागतो. दोन्ही एकदम बदला.

सुधारणा करायची तर पहिला खर्च नळ्यांवर. तीस वर्षांच्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि बाहेरून चिरतात. स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पेडल घट्ट लागतं. पाइपाचा नट सोडवताना साधा फिक्स पाना वापरला तर नट गोल होतो. नटाला पाच बाजूंनी धरणारा, एका बाजूने खाच असलेला १० मिलिमीटरचा रिंग पाना घ्या. नळी कॅलिपरला जोडणाऱ्या बोल्टवर नळीच्या दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर, २२ ते २९ न्यूटन-मीटर. नळीला पीळ राहू देऊ नका. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळी टायरला किंवा स्प्रिंगला घासत नाही ना ते बघा.

मोठ्या डिस्कचा मोह १.६ च्या मालकांना होतो. रस्त्यावरच्या वापराला मूळ ब्रेक पुरतात, कारण गाडी टनाच्या आसपास भरते आणि थांबण्याचं अंतर शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. ट्रॅकवर नेत असाल तर १.८ चे ब्रेक उष्णता जास्त पेलतात. तेव्हा कॅलिपर, ब्रॅकेट, डिस्क, पॅड असा पूर्ण संच घ्या आणि पुढे-मागे दोन्हीकडे बसवा. फक्त पुढे मोठे लावले तर पुढची चाकं आधी अडकतात आणि मागच्या ब्रेकचा उपयोग होत नाही. रस्त्याच्या गाडीला ट्रॅकचे पॅड लावू नका. थंड असताना ते नीट धरत नाहीत, आणि पहिलाच सिग्नल थंड ब्रेकवर येतो.

चाकं लावून नट समोरासमोरच्या क्रमाने, ८८ ते ११८ न्यूटन-मीटरला आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पिस्टन आत गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाहीत. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा आणि नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत छापली असेल तर ती पाळा. तापलेल्या ब्रेकवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी निपल आणि नळ्यांचे जोड कोरड्या कागदाने पुसून ओल बघा. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. जुनं ब्रेक ऑइल इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका. मिसळलेलं तेल पुनर्वापराला घेत नाहीत. वेगळ्या बाटलीत भरा, वर नाव लिहा आणि नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.